खरबुजवाल्याचं नाक

बेकचान आगाचं नाक सगळ्या गल्लीच्या मालकीचं होतं. कुणाला खरबूज घ्यायचं असलं, की तो माणूस बाजारातून येताना आधी बेकचानच्या दारात थांबायचा. बेकचान ते हातात घ्यायचा, देठाच्या उलट बाजूचं टोक नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "परवा कापा." परवा कापलं की गोड निघायचं. कुणी घाईने उद्याच कापलं, तर त्याला काकडी खाल्ल्यासारखं वाटायचं आणि बेकचानला ते कळल्यावर तो आठवडाभर त्या माणसाशी बोलायचा नाही.

"एवढं मोठं नाक," त्याची बायको अनोरजान म्हणायची, "पण चुलीवर दूध करपलं तर याला कळत नाही."

अनोरजान गेल्या थंडीत गेली. झोपेतच. अंगणाच्या टोकाला खरबुजांची कोठी होती. तिथे छताच्या वाशांना लव्हाळ्याची शिंकाळी टांगलेली असत आणि प्रत्येक शिंकाळ्यात एक खरबूज, थेट वसंतापर्यंत टिकणारं. ती सगळी शिंकाळी अनोरजानने विणलेली होती. ती गेल्यावर बेकचानने आपली गादी त्या कोठीतच नेली. मुलाने विचारलं तेव्हा म्हणाला, उंदीर फार झालेत, राखण करतो.

मग उन्हाळ्याच्या शेवटी त्याला नात झाली, आणि नातीबरोबर घरात विहीण आली.

बिकाजान म्हणजे त्याची सून मुयस्सर हिची आई. पहिल्या बाळंतपणात चिल्ला संपेपर्यंत, म्हणजे चाळीस दिवस, मुलीच्या उशाशी बसायचं हे तिचं काम होतं आणि ते काम ती ठाण्यावरच्या हवालदारासारखं करत होती. त्या वर्षी साथ जोरात होती. उर्गेंच शहरातल्या दवाखान्यात खाटा मिळत नव्हत्या. बिकाजान येताना कपड्यांच्या बोचक्याबरोबर मास्कचं एक बोचकं घेऊन आली. जुन्या रजईचं अस्तर फाडून तिने ते स्वतः शिवले होते, दुहेरी, कडेला नाडी.

"व्याही," पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "अंगणात पाऊल टाकायचं ते हे बांधून."

"माझ्याच अंगणात?"

"अंगण तुमचं, बाळ सगळ्यांचं."

बेकचानने मास्क बांधला आणि नाक बाहेर ठेवलं. बिकाजानने कोपऱ्यातला खराटा उचलला. बेकचानने नाक आत घेतलं.

तेव्हापासून हे असं चाललं होतं. अंगणात तो मास्क नाकावर घ्यायचा. दाराबाहेर पडला की हनुवटीखाली ओढायचा, आणि मतयाकूबच्या चहाखान्यात जाऊन बसायचा. तिथे तो, मतयाकूब आणि आणखी दोघे म्हातारे पूर्वीसारखेच एका पियाल्यातून चहा प्यायचे. एकाने प्यायचा, धुऊन नाही, नुसता हिसडून पुढच्याला भरून द्यायचा.

"मला त्या बाईला एकच गोष्ट समजावता येत नाही," बेकचान तिथे सांगायचा. "मास्क बांधून मी कोठीत गेलो, तर मला गुर्वाक खरबुजाचा वास येतो. आता सांगा, वास आत येतो तर रोग नाही येणार? रोग काय वासापेक्षा जाडा आहे?"

"बरोबर आहे," मतयाकूब म्हणायचा. तो सगळ्यांनाच बरोबर आहे म्हणायचा, चहाखाना चालवायचा होता.

हीच गोष्ट बेकचानने बिकाजानला सांगितली, तेव्हा ती दुपटं पिळत होती.

"मी तुमच्या नाकासाठी मास्क दिला नाही," ती म्हणाली. "तोंडासाठी दिलाय. तुम्ही बोलायला लागलात की समोरच्याचा चहा पातळ होतो."

सून आत खुदकन हसली. बेकचानला ते ऐकू आलं आणि फार लागलं.

पण खरी अडचण पुढेच होती. बाळाचं नाव ठेवायचं होतं. घरातल्या वडीलधाऱ्याने बाळाला मांडीवर घ्यायचं, कानाशी तोंड नेऊन अजान म्हणायची आणि मग त्याच कानात नाव सांगायचं. बेकचानने नाव केव्हाच ठरवलं होतं. अनोरजान. तो कुणाशी बोलला नव्हता, पण सगळ्यांना माहीत होतं. बिकाजानच्या मनात तिच्या आईचं नाव होतं, जुमागुल, आणि तेही सगळ्यांना माहीत होतं.

"सांगा की नाव," बिकाजान म्हणाली. "मास्क बांधून सांगा."

"कापडातून?" बेकचान म्हणाला. "माझ्या बायकोचं नाव मी रजईच्या अस्तरातून सांगू? मूल काय ऐकेल, बूं बूं? मोठी झाल्यावर नाव विचारलं तर काय सांगेल?"

"मग थांबा चिल्ला संपेपर्यंत."

"तोवर बिननावाची ठेवायची?"

"माझा भाऊ आहे. त्याला मास्क चालतो. तो सांगेल."

बिकाजानचा भाऊ म्हणजे पलीकडच्या गावचा गोल, टकला, हसतमुख माणूस. त्याने नाव सांगितलं तर ते कुठलं असेल हे उघड होतं. बेकचानच्या हातात त्या वेळी एक करी-किझ खरबूज होतं, टणक, हिवाळ्यासाठी ठेवायचं. ते तो हळूच खाली ठेवून म्हणाला, "पैज लावता का?"

पैज ठरली ती अशी. बेकचानने डोळ्यांना पट्टी बांधायची, तोंडाला बिकाजानचा मास्क. हात पाठीमागे. बिकाजान त्याच्या नाकाशी एकेक खरबूज धरील. सगळी नावं बरोबर सांगितली, तर मास्कमधून सगळं आत येतं हे सिद्ध झालं. मग बेकचानने मास्क काढून नातीच्या कानात हवं ते नाव सांगावं. एक जरी चुकलं, तर भाऊ येईल आणि नाव जुमागुल.

"आई, हे काय चाललंय?" मुयस्सर आतून म्हणाली.

"तू पडून राहा," बिकाजान म्हणाली. "यांना वासाची पडलीय, मला तुझ्या लेकीची."

शुक्रवारी दुपारी द्राक्षाच्या मांडवाखाली मंडळी जमली. मतयाकूब साक्षीदार म्हणून आला होता. बिकाजानने त्यालाही मास्क बांधायला लावला आणि लांब, भिंतीशी बसवलं. गल्लीतले आणखी चारदोन जण भिंतीच्या पलीकडून माना काढून उभे होते. बेकचानला आदल्या दोन दिवसांत जरा कणकण वाटत होती, डोकं जड होतं, पण मळ्यातल्या उन्हात दरवर्षी असं होतंच, म्हणून त्याने मनावर घेतलं नव्हतं.

बिकाजानने त्याला नवा मास्क दिला. ओलसर होता.

"नुकताच धुतलाय," ती म्हणाली.

त्याने बांधला. ओठांना थोडी चुणचुण झाली. साबण राहिला असेल, त्याला वाटलं. पट्टी बांधण्याआधी त्याने पाहिलं, तर बिकाजान त्याच्याकडे टक लावून बघत होती, जणू काही तरी व्हायची वाट पाहत होती. मग तिच्या भुवया वर गेल्या. बेकचानला वाटलं, घाबरली.

पहिलं खरबूज नाकाशी आलं. बेकचानने श्वास ओढला.

काही नाही.

त्याने पुन्हा ओढला. ओलं कापड नाकपुड्यांना चिकटलं. वास नाही म्हणजे अजिबात नाही. भिंतीकडे तोंड करून उभं राहावं तसं.

"काय व्याही, झोप लागली?"

"घाई करू नका." बाई म्हणते ते खरं की काय? या दुहेरी अस्तरातून खरंच काही येत नाही? पण काल-परवापर्यंत तर येत होतं. नवा मास्क जाड शिवला असेल. लबाड आहे. त्याने मान थोडी पुढे केली. नाकाचं टोक सालीला टेकलं. साल गुळगुळीत, मध्ये बारीक भेगा, नेटकी गोलाई. त्याने कपाळही टेकवलं.

"हे काय, नमाज पढताय?"

"नाक टेकवल्याशिवाय वास कसा घ्यायचा? गुर्वाक."

"बरोबर," भिंतीपाशी मतयाकूब म्हणाला, आणि या वेळी ते खरंच बरोबर होतं.

साठ वर्षं ज्याने खरबुजं हाताळली त्याला हात नसले तरी कपाळ होतं, हनुवटी होती, कान होते. दुसरं खरबूज उचलताना बिकाजान कण्हली. एवढं जड म्हणजे गुलाबी जातीचंच असणार. हनुवटी लावली, जाळी दाट लागली. "गुलाबी." तिसरं त्याच्या गालाला लागलं ते गार आणि दगडासारखं होतं. "करी-किझ. विहीणबाई, हे अजून चार महिने कुणी कापू नका, दात पडतील." भिंतीपलीकडे लोक हसले. हसणं ऐकून बेकचानला धीर आला. लबाडी इतकी छान जमतेय म्हटल्यावर त्याला आपलं नाक परत आल्यासारखंच वाटायला लागलं.

चौथी वस्तू आली तेव्हा मतयाकूबने हसू दाबल्याचा आवाज आला. बेकचानने कपाळ टेकवलं. गोल. जाळी नाही, भेग नाही, तुळतुळीत, अंतरा-अंतरावर खोलगट वळ्या. त्याने मुद्दाम लांब श्वास घेतला, मान हलवली.

"हे खरबूज नाही," तो म्हणाला. "वासावरून तुमच्या भावाचं डोकं वाटतंय. ते नसेल तर भोपळा."

गल्ली खदखदली. आत मुयस्सर इतकी हसली की बाळ रडायला लागलं. बिकाजानने पट्टी सोडली, भोपळा जमिनीवर ठेवला आणि म्हणाली, "जिंकलात." तिच्या आवाजात राग नव्हता. काही तरी वेगळंच होतं, आणि बेकचानला ते आवडलं, कारण त्याला ते आदरासारखं वाटलं.

"टोपी बदलून येतो," तो म्हणाला.

कोठीत आल्यावर त्याने मास्क काढून खुंटीला अडकवला. डोक्यावर शिंकाळ्यात एक गुर्वाक पिकून पिवळंधमक झालं होतं, ज्याचा वास सकाळी डोळे उघडताच तोंडावर यायला हवा होता. त्याने ते दोन्ही हातांनी धरून उघडं नाक त्याला लावलं.

काही नाही.

देठाकडून हुंगलं, दुसरीकडून हुंगलं. नखाने ओरखडा काढून हुंगलं. मग त्याने खरबूज सोडलं, ते शिंकाळ्यात झुलत राहिलं, आणि तो कोपऱ्यातल्या पेटीपाशी गेला.

पेटीत अनोरजानचा डोक्याचा रुमाल होता. धुतला नव्हता. मुलाने एकदा विचारलं होतं, बाबा, आईचे कपडे कुणाला द्यायचे, तेव्हा त्याने सगळे दिले, हा दिला नाही. तो रोज काढत नसे. रोज काढला तर संपेल, अशी त्याला भीती होती. पण काढला की तंदूरचा धूर, कापसाचं तेल आणि तिचे केस, हे तिन्ही एकदम यायचे.

त्याने रुमाल तोंडावर धरला. बराच वेळ धरला. ते नुसतं कापड होतं.

तो पेटीवरच बसला. मास्कने वास अडवला नव्हता तर. मास्क खुंटीला होता आणि वास तरीही नव्हता. वास जातो म्हणजे काय होतं, हे त्या वर्षी लहान पोरांनाही माहीत होतं. मतयाकूबच्या मेहुण्याचा असाच गेला होता, आणि चार दिवसांनी मेहुण्याच्या म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

"बाबा," अंगणातून मुलगा शोनजार हाक मारत होता, "चला, ती झोपायच्या आत."

बेकचानने रुमाल घडी करून ठेवला. खुंटीवरचा मास्क काढून परत बांधला, नीट, नाकावरून. टोपी बदलली नाही.

दारात मुयस्सर उभी होती, हातात गुंडाळलेलं बाळ. बाळाचं तोंड कोठीतल्या गुर्वाकाएवढं पिवळं आणि गोल होतं. मुयस्सरने हात पुढे केले. बेकचान अंगणाच्या मधोमध थांबला.

"या ना, बाबा," मुयस्सर म्हणाली.

त्याला एवढंच करायचं होतं, दहा-बारा पावलं चालायचं, कानाशी तोंड न्यायचं. कुणाला कळलं नसतं. एक शब्द तर सांगायचा होता.

"मी हरलो," तो म्हणाला.

"काय?" शोनजार म्हणाला.

"हरलो. मला एकाही खरबुजाचा वास आला नाही. कपाळाने ओळखली."

मतयाकूब भिंतीशी हसायला लागला. "बास कर बेकचान, जिंकलास ना. आता नखरे कशाला?"

"खरं सांगतोय. मास्क काढूनही येत नाही. कशाचाच येत नाही. मला आजार झालाय. आत घ्या तिला, मुयस्सर. दार लावा."

"लाजतायत बाबा," शोनजार म्हणाला. "आईचं नाव घ्यायचं म्हणून त्यांना..."

"ते खरं बोलतायत," बिकाजान म्हणाली.

ती मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. "तो मास्क मी धुतला नव्हता. आतून लसूण चोळला होता. सोललेला, ठेचून, अख्खा गड्डा. म्हटलं, बघू आता याचं नाक काय सांगतं." ती बेकचानकडे वळली. "तुम्ही बांधलात आणि डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही. मला वाटलं, नाव सांगायला मिळावं म्हणून हा माणूस लसूणही सोसतोय. म्हणून म्हटलं जिंकलात."

शोनजारने दोन पावलं पुढे येऊन वाऱ्याच्या दिशेला मान केली. लगेच त्याने तोंड फिरवलं. वास अंगणभर होता, आणि तो इतका वेळ सगळ्यांना आत स्वयंपाक चाललाय म्हणून आलेला वाटत होता.

बेकचानने मास्कला बोट लावून बोट नाकाशी नेलं. "अख्खा गड्डा?"

"मोठा."

"लबाडी केलीत."

"तुम्ही काय केलंत?"

मुयस्सर बाळाला घेऊन केव्हाच आत गेली होती.

"तुमच्या भावाला निरोप धाडा," बेकचान म्हणाला. "पैज ती पैज. जुमागुल."

बिकाजानने खराटा उचलला आणि अंगणातला पाला एका बाजूला करायला लागली. झाडून झाल्यावर म्हणाली, "पैजेत दोघांनीही लबाडी केली. अशी पैज कुणी जिंकत नाही. तुम्ही आधी बरे व्हा. मुलगी कुठे पळून जात नाही."

बेकचान कोठीत शिरला. दार बाहेरून लोटलं गेलं.

ताप आला, गेला, पुन्हा आला. अंग कुटून काढल्यासारखं दुखत होतं. पडल्या पडल्या त्याला वरची शिंकाळी दिसायची. प्रत्येकाची गाठ तो ओळखायचा. अनोरजान शेवटची गाठ नेहमी उलटी मारायची, का ते त्याने कधी विचारलं नव्हतं. उंबऱ्यावर रोज रस्सा आणि रोटी यायची, आणि ताटाच्या कडेला एक सोललेली लसणाची पाकळी.

"व्याही," दाराबाहेरून बिकाजान विचारायची, "आज?"

"नाही."

"बरं. मग खाऊन टाका."

मतयाकूबने चहाखाना बंद केला. तोही आडवा पडला होता आणि त्या दोन म्हाताऱ्यांपैकी एकाला उर्गेंचला न्यावं लागलं होतं. सगळ्यांचा पियाला एकच होता. घरात मात्र कुणाला काही झालं नाही. ना शोनजारला, ना मुयस्सरला, ना बिकाजानला. गल्लीत यावर बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं मास्कमुळे, कुणी म्हणालं म्हातारा कोठीत निजत होता म्हणून, कुणी म्हणालं लसणामुळे, आणि त्या आठवड्यात बाजारात लसूण मिळेना. बेकचान कोठीत पडून हिशेब करत होता. अंगणात त्याचं तोंड बांधलेलं होतं. चहाखान्यात उघडं होतं. त्याला उत्तर येत होतं, पण ते बिकाजानला सांगण्याइतका तो अजून आजारी नव्हता.

बाळ बिननावाचंच राहिलं. गल्लीतल्या बायका तिला तोंडावरून गुर्वाक म्हणायला लागल्या. बिकाजान ऐकायची, पण जुमागुल हे नाव पुढे करायची नाही. तिचा भाऊ एकदा दारापर्यंत येऊन गेला. तिने त्याला चहा पाजला, खरबूज दिलं आणि वाटेला लावलं.

मग एका सकाळी ताट उंबऱ्यावर आलं. बेकचानने पाकळी नेहमीसारखी नाकाशी नेली आणि ती कोठीच्या दुसऱ्या टोकाला फेकून दिली.

"विहीणबाई, हे ताट दुसऱ्या कशाने तरी सजवता येणार नाही का?"

बाहेर खराटा खाली पडल्याचा आवाज आला.

तरीही तिने त्याला लगेच आत घेतलं नाही. डॉक्टरणीला फोन करून विचारलं, सांगितलेले दिवस जाऊ दिले, त्याला आंघोळ करायला लावली. तेवढ्यात त्याने पेटी उघडून पाहिली. धूर आधी आला, मग तेल. केस अजून नव्हते. त्याने घाई केली नाही.

शेवटी तो खोलीत गेला. मास्क त्याने स्वतःच बांधला होता, नाकावरून, नाडीला गाठ मारून. बिकाजानने तपासला.

"हा तरी धुतलाय ना?" त्याने विचारलं.

"दोनदा."

तो बसला. मुयस्सरने बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं. वजन त्याने लगेच ताडलं. मध्यम गुर्वाक, जरा पाणी जास्त. तो वाकला, तिच्या कानाशी तोंड नेलं, हलक्या आवाजात अजान म्हणाला आणि मग कापडातून, सावकाश, नाव सांगितलं. अनोरजान. बायकोचं नाव असं तोंडाने घेऊन त्याला बरेच महिने झाले होते. तीन वेळा सांगायचं असतं. तिसऱ्यांदा सांगताना त्याला थांबावं लागलं.

बाळाने डोळे उघडले आणि त्याच्या मास्ककडे पाहिलं.

"ऐकलं तिने," बिकाजान म्हणाली. तिनेही डोळे पुसले, पण मास्कच्याच टोकाने, म्हणजे ते धुणं वाढलं. "बघा व्याही. आवाज आत गेला. थुंकी बाहेर राहिली. एवढंच तर मी म्हणत होते."

"बरोबर आहे," बेकचान म्हणाला. हे शब्द या घरात त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. मुयस्सरने चमकून वर पाहिलं.

मग त्याचं नाक हललं. मास्कच्या आत स्पष्ट दिसलं, कापड आत गेलं, बाहेर आलं, पुन्हा आत गेलं. त्याने डोळे मिटले, खरबूज पारखताना मिटायचा तसेच.

"पण मीही बरोबर होतो, विहीणबाई," तो म्हणाला. "वास येतोच. दुहेरी अस्तरातूनही येतो." आणि त्याने अनोरजानला दोन्ही हातांनी अलगद उचलून बिकाजानपुढे धरलं. "घ्या. हिचं दुपटं बदला."